कांदा आठवतो, पण सांगितलं कोणी?

माझी आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्याकडे गेले होते, तेव्हा तिने फ्रिजमधला डबा उघडला आणि आतला अर्धा कांदा सरळ केराच्या बादलीत टाकला. "चिरलेला कांदा रात्रभर राहिला की विषारी होतो," म्हणाली. व्हॉट्सॲपवर फिरणारा तो जुनाच मजकूर. मी तिला समजावलं की असं काही नसतं, झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवलेला कांदा दोन-तीन दिवस सहज चालतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं, निघताना तिसऱ्यांदा. दर वेळी तिला पटलं. दिवाळीत गेले, तर फोडणीसाठी काढलेला कांदा माझ्या हातातून घेत ती म्हणाली, "अगं, हा कालचा आहे. विषारी होतो म्हणून तूच नाही का मला सांगितलंस?"

"वय झालं, विसरते आता," असं घरचे म्हणाले. मला ते पटत नाही. आत्या कांदा विसरली नव्हती, विष विसरली नव्हती, मी तिच्याशी त्यावर बोलले होते हेही तिला पक्कं आठवत होतं. निसटलं होतं ते एवढंच, की ते वाक्य आलं कुठून आणि त्यावर 'खोटं' असा शेरा कोणी मारला.

एखादी गोष्ट कुठून कळली याच्या आठवणीला मानसशास्त्रात स्रोत-स्मृती म्हणतात. मार्शिया जॉन्सन, शाहीन हाश्त्रूदी आणि स्टीफन लिंडसे यांनी १९९३ साली या विषयाची सविस्तर मांडणी केली. त्यांचं म्हणणं असं, की आठवणीवर 'अमक्याने सांगितलं' असा शिक्का नसतो. आठवण वर आली की मेंदू तिच्यासोबत काय काय आलं ते बघतो. आवाज आला का? जागा दिसते का? की आपणच मनात जुळवल्याच्या खुणा आहेत? त्यावरून तो उगम ठरवतो. हा निवाडा चुकला की खोटी आठवण तयार होते, आणि सांगणारा माणूस अगदी प्रामाणिक असतो. तरुणांचंही असंच होतं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांच्या १९७४ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली होती. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता, आणि काहींना विचारलं, एकमेकींवर आदळून 'चक्काचूर झाल्या' तेव्हा किती होता. आठवड्याने प्रश्न केला, फुटलेली काच पाहिली का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. 'चक्काचूर' ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, 'धडकल्या' ऐकलेल्या ५० पैकी ७. प्रश्नातला शब्द आणि डोळ्यांनी पाहिलेलं दृश्य एकमेकांत मिसळून गेलं होतं.

वयाबरोबर हे वाढतं. गोष्ट आणि तिचा संदर्भ यांची गाठ मारण्याचं काम मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाकडे असतं, आणि उगमाची छाननी कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स करतो. उतारवयात दोन्ही थोडे मंदावतात. (मी निरोगी म्हातारपणाबद्दल बोलते आहे. डिमेन्शिया हा आजार वेगळा.) त्यामुळे मजकुरापेक्षा संदर्भ जास्त निसटतो.

आता माझ्या तीनदा सांगण्याचं काय झालं ते बघू. २००५ साली इयन स्कर्निक आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. काही विधानं 'हे खोटं आहे' असं बजावून कधी एकदा, कधी तीनदा लोकांसमोर मांडली. लगेच विचारलं तेव्हा तीनदा बजावल्याचा वृद्धांना फायदा झाला. तीन दिवसांनी मात्र उलटं झालं. जी विधानं तीनदा खोटी म्हणून सांगितली होती, तीच त्यांना खरी म्हणून जास्त आठवली.

असं का व्हावं, याचं उत्तर मानसशास्त्रज्ञ लॅरी जॅकोबी यांच्या कामात आहे, आणि ते मला इतकं आवडतं की इथे थोडं थांबणार आहे. स्मृतीच्या दोन वाटा असतात. एक ओळखीची भावना: चेहरा पाहिल्यासारखा वाटतो, पण कुठे ते सांगता येत नाही. दुसरी सविस्तर आठवण: 'हा त्या लग्नात पंगतीत शेजारी बसला होता.' वयाबरोबर दुसरी वाट अरुंद होते, पहिली बरीचशी शाबूत राहते.

१९९९ च्या प्रयोगात जॅकोबींनी लोकांना काही शब्द वाचायला दिले, कोणता एकदा, कोणता तीनदा. मग दुसरे काही शब्द ऐकवले. परीक्षेत फक्त ऐकलेल्या शब्दांना 'हो' म्हणायचं होतं. वाचलेल्या शब्दाला चुकून 'हो' केव्हा म्हटलं जाईल? तो ओळखीचा वाटला आणि 'हा तर वाचला होता' हे आठवलं नाही, तर. ओळखीची शक्यता 'ओ' आणि सविस्तर आठवण्याची शक्यता 'स' मानली, तर चुकीची शक्यता होते ओ × (१ − स).

आता समजण्यापुरते माझे आकडे घालून बघा. तरुणाने शब्द एकदा वाचल्यावर ओ ०.५ आणि स ०.४ असेल, तर चूक ०.३०. तीनदा वाचल्यावर ओ ०.८ झाला, पण स सुद्धा ०.८ वर गेला, म्हणजे चूक ०.१६. उजळणीने चूक घटली. वृद्धाचा ओ तसाच ०.५ वरून ०.८ वर जातो, पण स समजा ०.१ वरून ०.३ वरच पोचतो. चूक ०.४५ वरून ०.५६! तीच उजळणी एकाला तारते आणि दुसऱ्याला बुडवते. प्रत्यक्ष प्रयोगातही कल असाच दिसला: शब्द जितक्या वेळा वाचला तितक्या तरुणांच्या चुका कमी झाल्या आणि वृद्धांच्या वाढल्या. तरुणांना झटपट उत्तर द्यायला लावलं, तेव्हा त्यांच्याही चुका वृद्धांसारख्याच वाढल्या. छाननीला वेळच उरला नाही.

माझ्या प्रत्येक समजावण्यात 'कांदा' आणि 'विषारी' हे शब्द होते. मी आत्याचा ओ वाढवत होते.

फोनवरून म्हाताऱ्या माणसांना लुबाडणारे याच फटीतून आत शिरतात. "परवा आपलं बोलणं झालं होतं ना," असं म्हटलं की ज्याला आपल्या आठवणीचा भरवसा नाही तो मान डोलावतो. विसरण्याच्या भीतीवरच स्मरणशक्तीची चूर्णं आणि तेलं विकली जातात, आणि त्या जाहिरातींचा मला संताप येतो. मेंदूच्या यंत्रांचंही असंच. पुण्यातल्या एका खून खटल्यात २००८ साली मेंदूच्या विद्युत लहरींची एक चाचणी पुराव्यात आली. घटना अनुभवली की नुसती ऐकली हे ती ओळखते, असा दावा होता. जो निवाडा करताना माणसाचा स्वतःचा मेंदू चुकतो, तो बाहेरून तारा लावून अचूक कळेल, यावर विश्वास ठेवायला फार भक्कम पुरावा हवा. अशा चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला.

तामारा रहाल, सिंथिया मे आणि लिन हॅशर यांनी २००२ मध्ये दाखवलेली गोष्ट मला जास्त उपयोगी वाटते. वाक्य कोणाच्या आवाजात ऐकलं हे वृद्ध विसरतात, पण सांगणारा खरं बोलणारा होता की खोटं, हे ते तरुणांइतकंच लक्षात ठेवतात. माणसाची पारख टिकून असते.

म्हणून संक्रांतीला गेले तेव्हा मी विषाचं नावच काढलं नाही. "आत्या, कांदा झाकून ठेवला की छान टिकतो," एवढंच म्हटलं. आणि फोन तिच्या हातात देऊन, तो मजकूर ज्या ग्रुपमधून आला होता तिथले इतर मजकूर तिलाच वाचायला लावले. चष्मा नाकावर सरकवून तिने पाच-सहा वाचले. "हे लोक रोजच काहीतरी थापा मारतात की गं," म्हणाली. मग उरलेला अर्धा कांदा स्टीलच्या डबीत घातला, झाकण दाबून बसवलं आणि डबी फ्रिजच्या दारात ठेवली.