सीनियर नाइट: चार हंगामांचा हिशेब कुठून आला

टेक्सासमधल्या शाळांचा अमेरिकन फुटबॉलचा नियमित हंगाम दहा सामन्यांचा. ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपतो. त्यातले साधारण निम्मे सामने घरच्या मैदानावर, आणि घरच्या मैदानावरचा शेवटचा शुक्रवार बारावीच्या मुलांचा. किकऑफच्या आधी शोल्डर पॅड चढवलेली मुलं आईवडिलांबरोबर एकेक करून मैदानात येतात. निवेदक मुलाचं नाव, आईवडिलांची नावं आणि पुढे काय करायचा विचार आहे ते वाचून दाखवतो. आईच्या हातात फूल, अंगात पुष्कळदा मुलाच्याच नंबरची जर्सी. चीअरलीडर आणि मार्चिंग बँडमधली बारावीची मुलंही त्याच रांगेत असतात. डॅलसजवळच्या फ्रिस्को-प्लेनोकडच्या मराठी घरांचा या सोहळ्याशी संबंध येतो तो बहुधा बँडच्या बाजूने: ट्रम्पेट धरलेला मुलगा, त्याचे आईबाबा, आणि सहा महिन्यांसाठी भारतातून आलेले, हा नक्की कसला सत्कार चाललाय याचा अंदाज घेणारे आजीआजोबा.

याला सीनियर नाइट म्हणतात. होमकमिंगशी त्याची गल्लत करू नये. होमकमिंग जुन्या विद्यार्थ्यांना परत बोलावण्यासाठी असतं. ती प्रथा १९१० च्या आसपास कॉलेजांतून आली आणि पहिलं होमकमिंग कोणाचं यावरून मिसूरी, इलिनॉय आणि टेक्सासमधली कॉलेजं अजूनही हक्क सांगतात. सीनियर नाइटच्या मालकीसाठी कोणी भांडताना दिसत नाही. ती गावोगावी पालकांनीच वाढवली.

मुळात निरोपाची तारीख महिनाभर आधी ठरवता येते, यातच खरी गोम आहे. कोणाचं खेळणं कधी संपणार हे आधी माहीत असल्याशिवाय असा कार्यक्रम आखता येत नाही, आणि ते माहीत असतं एका नियमामुळे. त्यासाठी आधी ‘सीनियर’ हा शब्द सोडवावा लागतो.

आपल्याकडे सीनियर म्हटलं की पदवीचं कॉलेज, नाहीतर रेल्वेच्या तिकिटातली सवलत. अमेरिकेत नववी ते बारावी या चार वर्षांना चार नावं आहेत आणि शेवटचा तो सीनियर. कॉलेजातही तीच चार नावं पुन्हा येतात, आणि इथेच घोळ होतो. कॉलेजात वर्ष आणि हंगाम वेगळे मोजतात. खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात. एखादं वर्ष बाजूला बसून काढलं तर ते हिशेबात धरत नाहीत, त्याला रेडशर्ट म्हणतात. २०१८ पासून तर चार सामन्यांपर्यंत खेळूनही ते वर्ष वाचवता येऊ लागलं. त्यामुळे कॉलेजातला सीनियर हा चौथ्या वर्षाचा असेल, पाचव्या वर्षाचा असेल, कधी त्याहून जुनाही.

शाळेत अशी पळवाट नाही. नववीत पाऊल टाकलं की घड्याळ सुरू होतं आणि सलग आठ सत्रं, म्हणजे चार वर्षं, झाली की बंद होतं. पहिल्याच सराव सामन्यात गुडघा गेला, ते वर्ष धरलं जातं. तीन वर्षं बाकावर बसून काढली, ती तिन्ही धरली जातात. नापास होऊन वर्ष पुन्हा केलं तरी सत्रं पुढेच सरकतात. सूट मिळते, पण अपवाद म्हणून, अर्ज आणि कागदपत्रं देऊन. शिवाय वयाची अट वेगळी. टेक्सासमध्ये १ सप्टेंबरला एकोणीस पूर्ण झालेली असतील तर सहसा त्या वर्षी मैदान बंद. राज्याराज्यांत तारखा थोड्याफार बदलतात, गाभा तोच. इथले कोच ‘पात्रता’ असा जड शब्द वापरत नाहीत. “त्याचं घड्याळ संपलं”, असं म्हणतात.

इतका कडक नियम का, याचं उत्तर जुनं आहे. बॉस्टनच्या सार्वजनिक मैदानावर शाळकरी पोरं १८६० च्या दशकातच एका जातीचा फुटबॉल खेळत होती. मॅसॅच्युसेट्समधल्या वेलस्ली आणि नीडम या दोन गावांच्या शाळा १८८२ पासून थँक्सगिव्हिंगच्या दिवशी एकमेकींशी खेळत आल्या आहेत. त्या काळी संघ मुलंच उभे करायची. माणूस कमी पडला की वर्गशिक्षक, माजी विद्यार्थी, गिरणीतला धट्टाकट्टा कामगार, कोणालाही जर्सी चढायची. शाळेचा संघ म्हणजे कोण, हाच वाद असायचा. १८९० च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये मुख्याध्यापकांनी एकत्र येऊन नियम केले, मग शेजारच्या राज्यांनी. १९२० मध्ये मध्य-पश्चिमेतल्या पाच राज्यांच्या संघटनांनी महासंघ काढला. मधल्या काळात १९०५ चा हंगाम येऊन गेला. त्या एका हंगामात देशभर किमान अठरा खेळाडू मेले, आणि त्यांत कॉलेजच्या मुलांपेक्षा शाळांतली आणि गल्लीतल्या संघांतली पोरं जास्त होती. राष्ट्राध्यक्षांनी व्हाइट हाऊसमध्ये बोलावलं होतं ते मात्र मोठ्या कॉलेजांना. १९०६ पासून पुढे पास फेकायला परवानगी मिळाली आणि खेळ बदलला.

म्हणजे आज ज्याच्यामुळे आया रडतात तो नियम मुळात तोतये खेळाडू हाकलण्यासाठी होता. पंचवीस वर्षांच्या गिरणी कामगाराला अडवायला मोजणी सुरू झाली, आणि ती मोजणी शेवटी अठरा वर्षांच्या मुलाची शेवटची संध्याकाळ ठरवू लागली. पुढे न्यायालयांनीही ती उचलून धरली. १९९४ मध्ये मिसूरीतल्या आणि १९९५ मध्ये मिशिगनमधल्या प्रकरणांत, शिकण्यातल्या अडचणींमुळे मागे राहिलेल्या, एकोणीस ओलांडलेल्या मुलांनी खेळू द्या म्हणून दाद मागितली होती. फेडरल अपील न्यायालयांनी वयाची अट कायम ठेवली. ती मुलं बेसबॉल आणि धावण्याच्या शर्यतींतली होती, नियम फुटबॉललाही तोच.

आता शुक्रवारच का? शाळांच्या मैदानांवर दिवे आले ते मुख्यतः १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून. दिवसभर शेतात किंवा कारखान्यात असणारा बाप संध्याकाळी सामना बघू शकला तो या दिव्यांमुळे. पुढे १९६१ चा फेडरल प्रक्षेपण कायदा आला. व्यावसायिक लीगला टीव्हीचे हक्क एकगठ्ठा विकायची मोकळीक मिळाली, पण त्यात एक कलम घातलं गेलं. सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर आणि शनिवारी, जवळपास शाळा-कॉलेजचे सामने असतील तर व्यावसायिक सामने दाखवायचे नाहीत. शुक्रवार शाळांच्या नावावर राहिला त्यात परंपरेइतकाच या कलमाचाही हात आहे.

तो शुक्रवार सगळ्यांचा नव्हता, हे मात्र सीनियर नाइटच्या भाषणांत कधी ऐकायला मिळत नाही. टेक्सासमध्ये कृष्णवर्णीय शाळांची लीग १९२० पासून वेगळी होती. बहुतेक ठिकाणी मैदान एकच आणि शुक्रवार गोऱ्या शाळांचा, म्हणून यांचे सामने बुधवारी-गुरुवारी रात्री व्हायचे. शाळा एकत्र करण्याचे आदेश आले आणि १९७० मध्ये ती लीग संपली. एकत्रीकरणात बंद पडल्या त्या प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या शाळा. कोच दुसऱ्याच्या हाताखाली गेले, रंग आणि गाणी गेली. एका पिढीच्या खेळाडूंचा शेवटचा सामना कुठला ते त्यांना सामना खेळताना ठाऊकच नव्हतं.

ग्रामीण भागात हेच दुसऱ्या कारणाने घडत होतं: लहान शाळा एकमेकींत विलीन होत होत्या. १९३९-४० मध्ये देशात सुमारे १ लाख १७ हजार शालेय जिल्हे (शाळा चालवणारे स्थानिक विभाग) होते, आज तेराएक हजार उरले आहेत. नेब्रास्कातल्या एका शिक्षकाने १९३४ मध्ये सहाजणांचा फुटबॉल शोधून काढला तो अकरा मुलं जमत नसलेल्या शाळांसाठी. पश्चिम टेक्सासमध्ये तो अजून जोरात आहे. तिथे बारावीत दोनच खेळाडू असले तर सीनियर नाइट चार मिनिटांत आटोपते.

मुळात एवढा भावनेचा पूर फुटबॉललाच का, टेनिसला का नाही, असं नव्याने आलेले लोक विचारतात. साधं कारण आहे. टेनिस पन्नाशीतही खेळता येतं. आपल्याकडे शाळा सुटली तरी रविवारी टेनिस बॉलचं क्रिकेट चालूच राहतं. हेल्मेट-पॅड घालून, अकरा विरुद्ध अकरा, कोणी सोसायटीच्या मैदानावर खेळत नाही. शाळेत फुटबॉल खेळणारी दहा लाखांच्या आसपास मुलं आहेत. शंभरातली साधारण सात कॉलेजच्या संघांत पोचतात. उरलेल्या त्र्याण्णवांना हा खेळ त्या महिन्यानंतर उभ्या जन्मात पुन्हा मिळत नाही.

हे सगळं २०२० मध्ये एकदम उघड्यावर आलं.

मार्चमध्ये कोविडमुळे शाळा बंद झाल्या. एप्रिलमध्ये टेक्सास, कोलोरॅडो आणि इतर ठिकाणी शाळांनी रिकाम्या फुटबॉल मैदानांचे दिवे रात्री ८.२० ला, म्हणजे २०:२० ला, लावायला सुरुवात केली. पुष्कळ ठिकाणी बरोबर वीस मिनिटं वीस सेकंद. मैदानात कोणी नाही, बाहेर पालकांच्या गाड्या. ऑगस्ट उजाडला तसा प्रत्येक राज्याने आपापला रस्ता धरला. टेक्सासमधल्या लहान शाळा वेळेवर खेळल्या, मोठ्या शाळांचा हंगाम महिनाभर पुढे गेला. मिशिगनने १४ ऑगस्टला हंगाम वसंतात ढकलला आणि ३ सप्टेंबरला तोच निर्णय फिरवला. नोव्हेंबरमध्ये पुन्हा थांबवलं आणि राज्याचे अंतिम सामने जानेवारीत झाले. इलिनॉयमधली मुलं मार्च-एप्रिल २०२१ मध्ये सहा सामने खेळली, प्लेऑफविना, म्हणजे बाद फेरीशिवाय. कॅलिफोर्नियात २६ फेब्रुवारीपासून जिल्ह्याच्या रुग्णसंख्येवर परवानगी, बघायला फक्त घरातली माणसं. उद्या सामना होईल याची खात्री नव्हती, म्हणून त्या वर्षी कित्येक शाळांनी सीनियर नाइट घरच्या पहिल्याच सामन्याला उरकली. हंगाम सुरू व्हायच्या आधी निरोप. हसू येईल, पण त्या कोचांचा अंदाज पुष्कळदा खरा ठरला.

वाद याच्यावर नाहीच, वाद घड्याळावर आहे. २१ ऑगस्ट २०२० ला कॉलेजच्या संघटनेने जाहीर केलं की शरद ऋतूतल्या खेळाडूंचं हे वर्ष धरलं जाणार नाही, सगळ्यांना एक वर्ष जादा. शाळांच्या संघटनांनी मात्र घड्याळ चालूच ठेवलं. पाचव्या वर्षाचा मुलगा संघात राहिला तर नववीतून वर येणाऱ्याची जागा जाते, आणि एकोणीस-वीस वर्षांचा गडी पंधरा वर्षांच्या मुलावर आदळतो, हे त्यांचं म्हणणं. ते चुकीचं नव्हतं.

पण दोन्ही निर्णय एकत्र ठेवून पाहिले की २०२१ च्या बारावीचं काय झालं ते कळतं. कॉलेजांतली जुनी मुलं जागा धरून बसली. प्रत्यक्ष भेटून खेळाडू निवडण्यावर वरच्या स्तरावर मार्च २०२० पासून ३१ मे २०२१ पर्यंत बंदी होती, म्हणजे कोणी कोच शाळेत येऊन पाहणार नाही. राहता राहिली व्हिडिओ फिल्म. आणि इलिनॉय-कॅलिफोर्नियातल्या मुलांची फिल्म बनायच्या आधीच कॉलेजांशी करार करायच्या डिसेंबर आणि फेब्रुवारीतल्या तारखा निघून गेल्या. ज्यांना परवडलं अशा काही कुटुंबांनी खेळ चालू असलेल्या राज्यांत बिऱ्हाड हलवलं. बाकीच्यांनी काय करायचं होतं?

केंटकीने वेगळं करून पाहिलं. मार्च २०२१ च्या कायद्याने कुठल्याही विद्यार्थ्याला ते वर्ष पुन्हा करायची मुभा दिली आणि वयाच्या अटीत बसणाऱ्या खेळाडूंना पाचवं वर्षही. अर्ज १ मेपर्यंत, जिल्ह्याच्या शालेय मंडळाचा निर्णय १ जूनपर्यंत. अट अशी की मंडळाने एकतर सगळे अर्ज मान्य करायचे, नाहीतर सगळे नाकारायचे. कोचचा लाडका ठेवला आणि दुसऱ्याला घालवलं, असं होऊ नये म्हणून ती अट होती. परिणामी गणितात मागे पडलेली मुलगी आणि करार न मिळालेला लाइनबॅकर (बचावफळीतला खेळाडू) एकाच मतदानात अडकले. काही मंडळांनी हो म्हटलं, काहींनी नाही. एका जिल्ह्यात पाचवं वर्ष, शेजारच्या जिल्ह्यात दीक्षान्त समारंभ. मला तरी हा प्रयोग प्रामाणिक वाटतो. इतर बहुतेक राज्यांनी घड्याळ तत्त्व म्हणून चालू ठेवलं आणि मुलांसाठी दुसरं काही केलं नाही.

त्यानंतर घड्याळ कॉलेजच्या बाजूने आणखी सैल झालं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये टेनेसीतल्या फेडरल न्यायालयाने, ज्युनिअर कॉलेजातली वर्षं मोजू नयेत अशी मागणी करणाऱ्या एका क्वार्टरबॅकच्या (पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या) बाजूने अंतरिम आदेश दिला. शाळेच्या टोकाला उलटं चाललंय. नामांकित मुलं डिसेंबरातच अभ्यासक्रम संपवून जानेवारीत कॉलेज गाठतात. २०२१ मध्ये टेक्सासमधल्या एका गाजलेल्या क्वार्टरबॅकने तर बारावीच गाळली, कारण राज्याच्या नियमांनुसार शाळेत असताना त्याला स्वतःच्या नावावर पैसे कमावता येत नव्हते. त्याची सीनियर नाइट झालीच नाही.

मधल्या काळात खेळणाऱ्यांचा आकडा खाली येऊन पुन्हा सावरला. २००८-०९ मध्ये अकरा लाखांच्या वर असलेला आकडा २०२१-२२ मध्ये दहा लाखांच्या खाली गेला होता. डोक्याच्या दुखापतींची भीती त्यामागे मोठी. २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने पहिला कायदा केला, २०१४ पर्यंत पन्नासही राज्यांत असे कायदे झाले. आता सीनियर नाइटला मुलाचा हात धरून चालणाऱ्या कित्येक आया “सुटलो एकदाचे” असंही म्हणतात, फक्त माइकवर नाही.

प्लेऑफमध्ये पोचलेल्या संघांसाठी निरोप दुसऱ्यांदा होतो, तारखेशिवाय. प्रत्येक गटात एकच संघ शेवटचा सामना जिंकतो, बाकी सगळ्यांचा शेवटचा सामना हरलेला असतो आणि बहुधा परक्या मैदानावर. पुढच्या आठवड्यात साहित्य जमा करायचं. जर्सी, पॅड, हेल्मेट शाळेचं, यादीवर टिक होते. हेल्मेटं दुरुस्तीला आणि तपासणीला जातात आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्या कोणाच्या तरी मापाची होऊन परत येतात.