गंगेच्या गाळाखाली अरवली कुठवर जातो?

दिल्लीच्या रिजवर, म्हणजे तिथल्या खडकाळ टेकड्यांच्या रांगेवर, अरवलीचे शेवटचे खडक दिसतात. त्यापुढे उत्तरेला यमुना-गंगेचे सपाट मैदान लागते. डोंगर डोळ्यांपुरता इथे संपतो. पण अरवली-दिल्ली पट्ट्याची जडणघडण शंभर कोटी वर्षांहून जुनी आहे. उंची केव्हाच झिजून गेली. जे उरले ते भूकवचात, दहा-वीस-चाळीस किलोमीटर खोल. माणसाने पाडलेले सर्वांत खोल भोक, रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचे, 12 किलोमीटरच्या थोडे पुढे जाऊन थांबले. म्हणजे इतक्या खोलीची माहिती दूरूनच मिळवावी लागते, आणि त्यातली एक वाट विजेची आहे.

या वाटेच्या मुळाशी मुंबई आहे, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. आर्थर शूस्टर यांनी 1889 मध्ये चुंबकीय क्षेत्राच्या रोजच्या चढउताराचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी चार ठिकाणचे आकडे घेतले होते: ग्रीनिच, लिस्बन, सेंट पीटर्सबर्ग आणि मुंबई. निष्कर्ष मोठा होता. या बदलांचे मुख्य कारण पृथ्वीच्या बाहेर, वर आकाशात आहे. पण त्या बदलांमुळे पृथ्वीच्या पोटातही प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र वरच्या नोंदींत मिसळते. म्हणजे काळजीपूर्वक वाचले तर वरच्या नोंदीतून खालची वाहकता, म्हणजे खडकांतून वीज किती सहज वाहते ते, कळू शकते. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला नेली. ती आजही चालू आहे. मोजणी शुद्ध राहावी म्हणून खाडीपलीकडे बिऱ्हाड हलवणाऱ्या त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

सोव्हिएत रशियात आंद्रेई तिखोनोव यांनी 1950 मध्ये आणि फ्रान्समध्ये लुई काग्नियार यांनी 1953 मध्ये पुढचे पाऊल टाकले. जमिनीतला विद्युत् क्षेत्राचा बदल आणि त्याच वेळचा चुंबकीय बदल यांचे गुणोत्तर काढले की खडकाची रोधकता, म्हणजे तो विजेला किती अडवतो ते, मिळते. हीच मॅग्नेटोटेल्युरिक पद्धत. यात आपण जमिनीत प्रवाह सोडत नाही; विजांचा कडकडाट आणि सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्याची उलथापालथ ते काम करतात. बदल जितका संथ तितका तो खोल पोहोचतो. 100 ओहम-मीटर रोधकतेच्या खडकात एका सेकंदाची लहर साधारण 5 किलोमीटर जाते, 100 सेकंदांची साधारण 50.

जुन्या पर्वतपट्ट्यांचा विषय मात्र दुसऱ्या टोकाकडून उघडला. इयान गॉफ आणि जॉन राइट्झेल यांनी 1967 च्या सुमारास स्वस्त, जमिनीत पुरून ठेवता येईल असा चुंबकमापक तयार केला. अशी पुष्कळ यंत्रे एकाच वेळी शेकडो किलोमीटरवर पसरली की एक खूण स्पष्ट दिसते: खाली वाहक पट्टा असेल तर प्रवाह त्यात गोळा होतो, आणि पट्ट्याच्या एका बाजूला चुंबकीय क्षेत्राचा उभा घटक वर जात असताना दुसऱ्या बाजूला तो खाली जातो. अमेरिका-कॅनडाच्या सपाट गवताळ प्रदेशाखाली, वायोमिंग-साउथ डकोटापासून सस्काचेवानकडे, अशी एक लांबलचक रेघ सापडली. वर डोंगराचा मागमूसही नाही. कॅम्फिल्ड आणि गॉफ यांनी 1977 मध्ये मांडले की ही प्राचीन भूपट्टांची सीमा असावी. आज त्या पट्ट्याला ट्रान्स-हडसन म्हणतात आणि त्याचे वय 180 ते 190 कोटी वर्षांच्या घरात धरले जाते.

पण वाहक नेमके काय? दोन खंडांमधला समुद्र मिटतो तेव्हा तळाचा सेंद्रिय चिखल मध्ये चेपला जातो; दाब आणि उष्णतेने त्यातल्या कार्बनचे ग्राफाइट होते. पाणी कालांतराने निघून जाते, ग्राफाइट टिकते. त्यामुळे आधीचा संशय ग्राफाइटवर होता. अॅलन जोन्स आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये खडकाचे नमुने प्रयोगशाळेत तपासून दाखवले की सस्काचेवानमध्ये मुख्य वाहक म्हणजे खडकांच्या घड्यांच्या वळणांत साचलेली सल्फाइड (धातू आणि गंधकाची) खनिजे आहेत. शोध लागल्यापासून कारण कळेपर्यंत जवळजवळ तीन दशके गेली. मला या इतिहासातला हा सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो: रेघ नकाशावर काढता येते, पण तिचे कारण खडक हातात घेतल्याशिवाय ठरत नाही.

भारतात हीच यंत्रे 1979 मध्ये आली. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचे टेड लिली आणि मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे बी. पी. सिंह, बी. आर. अरोरा आदींनी वायव्य भारतात त्यांची जाळी मांडली. ही संस्था कुलाबा-अलिबागच्याच परंपरेतली. नोंदी वाचल्यावर गंगेच्या मैदानाखाली एक ठळक वाहक पट्टा दिसला, आणि तो हिमालयाला समांतर नव्हता. तो हिमालयाला आडवा छेद देत, अरवलीच्या दिशेत, पायथ्याकडे जात होता. अरोरा आणि महाशब्दे यांनी 1987 मध्ये त्याचा सविस्तर विचार केला. साहित्यात तो ट्रान्स-हिमालयन वाहक म्हणून रूढ झाला. अरवली गाळाखालून हिमालयापर्यंत पोहोचतो, या तर्काला विजेचा पुरावा मिळाला तो असा.

पुढे मॅग्नेटोटेल्युरिक यंत्रे घेऊन हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संस्था आणि मुंबईचा गट सातपुडा-नर्मदा पट्ट्यातही फिरला. मध्य भारताच्या खोल कवचावरचा गोकर्ण आणि सहकाऱ्यांचा 2001 चा अभ्यास त्यातलाच. राजस्थानात नागौर ते झालावाड रेषेवर भूकंपलहरींनी खोल कवचाची तपासणीही झाली. लहरी थरांच्या सीमा दाखवतात, वीज त्या थरांत काय भरले आहे याचा अंदाज देते. दोन्ही हव्यातच.

ट्रान्स-हिमालयन वाहकाचे कोडे अजून सुटलेले नाही, आणि त्याचे कारण त्याच्या जागेत आहे. दक्षिणेकडे तो अतिप्राचीन पट्ट्याशी जुळतो, उत्तरेकडे जिवंत पर्वतात शिरतो. जिवंत पर्वतात खारे पाणी, आणि तिबेटखाली तर अर्धवट वितळलेला खडकही, वाहक असतो. आयआयटी रुरकीच्या गटाने 2008 मध्ये रुरकी ते गंगोत्री रेषेवर जे कमी रोधकतेचे क्षेत्र दाखवले, त्याची सांगड द्रवांशी आणि भूकंपांशी घातली गेली. मैदानाखालच्या भागाबद्दल माझा कल ग्राफाइट-सल्फाइडकडे आहे. भिलवाडा जिल्ह्यातल्या रामपुरा-आगुचाच्या जस्ताच्या खाणीत सल्फाइड धातुक (धातू मिळणारे खनिज) ग्राफाइटयुक्त खडकांतच आहे, म्हणजे हा मालमसाला अरवलीच्या प्रदेशात उघड्यावर दिसतो. सस्काचेवानसारखी तपासणी राजस्थानच्या अशा नमुन्यांवर करून तिचे आकडे मैदानातल्या मोजणीशी ताडून पाहिले, तर निदान दक्षिणेकडच्या अर्ध्याचा निकाल लागू शकेल.