टेझर (पोलिसी वापर)

टेझर : तारांना बांधलेले दोन बाण दुरून मारून विजेच्या झटक्याने माणसाचे स्नायू काही क्षण जखडून टाकणारे हत्यार. 'स्टन गन' हे नाव या जातीच्या सगळ्याच हत्यारांना लावतात; पण अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात पोलिसांवरून जे वाद पेटले ते बहुतेक टेझरचे. बंदुकीला पर्याय म्हणून आलेले हे हत्यार प्रत्यक्षात बंदुकीच्या जागी वापरले जाते की समजुतीच्या चार शब्दांच्या जागी, हा त्या वादांतला मूळ प्रश्न आहे.

अपोलो मोहिमेच्या कामात असलेले अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जॅक कव्हर यांनी १९७० च्या दशकात ते बनवले. १९११ सालच्या एका किशोर-कादंबरीतल्या टॉम स्विफ्टच्या विजेच्या रायफलीच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून (टॉम ए. स्विफ्ट्स इलेक्ट्रिक रायफल) त्याचे नाव पडले. उच्चार जमावा म्हणून मधला 'ए' कव्हर यांनी पदरचा घातला. सुरुवातीचे टेझर बंदुकीच्या दारूवर उडत असे, त्यामुळे अमेरिकी कायद्याने ते बंदूकच ठरले आणि खप रखडला. १९९३ मध्ये रिक आणि टॉम या स्मिथ बंधूंनी टेझर बनवणारी कंपनी काढली आणि दारूऐवजी दाबाखालचा नायट्रोजन वापरला. या कंपनीचे नाव २०१७ पासून ॲक्सॉन आहे.

चाप ओढला की टोकाशी गळासारखा काटा असलेले दोन बारीक बाण सुटतात आणि कपड्यात किंवा कातडीत रुततात. सोबत काडतुसातून क्रमांक छापलेल्या, टिकलीएवढ्या चकत्या जमिनीवर विखुरतात. त्या वेचून कोणाचे काडतूस उडाले ते नंतर शोधता येते. बातम्यांतला ५०,००० व्होल्टचा आकडा हवेची फट ओलांडण्यापुरता असतो. एक्स २६ या प्रसिद्ध मॉडेलमध्ये शरीरावर पडणारा विजेचा दाब सुमारे १,२०० व्होल्ट. एकदा चाप ओढला की पाच सेकंद, सेकंदाला विजेचे सुमारे १९ ठोके. दाबून धरला तर पुढेही चालूच. एखादा बाण चुकला किंवा जाड कोटात अडकला तर माणूस उभाच राहतो. दुसरी पद्धत हत्यार थेट अंगाला टेकवण्याची. तिने स्नायू जखडत नाहीत, नुसती वेदना होते, आणि म्हणूनच तिच्यावर टीकाही जास्त.

स्नायू जखडलेला माणूस पडताना हात पुढे करू शकत नाही. कॅलिफोर्नियातल्या कोरोनाडो येथे २००५ मध्ये सीटबेल्टसाठी अडवलेला एक तरुण गाडीबाहेर येऊन स्वतःवरच चिडून ओरडत होता. अंगावर चड्डी आणि पायात बूट, एवढाच वेष. पोलीस काही पावलांवर. टेझर लागताच तो तोंडावर आपटला आणि पुढचे चार दात तुटले. अपील न्यायालयाने हा बळाचा अतिरेक मानला, पण तेव्हा कायदा पुरेसा स्पष्ट नव्हता म्हणून अधिकाऱ्याला दाव्यातून मोकळे केले. अमेरिकेत असे निकाल पुढेही लागले.

सर्वांत खोल चौकशी मात्र कॅनडात झाली. रॉबर्ट जेकान्स्की हा पोलंडहून आईकडे राहायला निघालेला चाळिशीचा माणूस. ऑक्टोबर २००७ मध्ये व्हँकुव्हर विमानतळावर तो जवळजवळ दहा तास अडकला. पोलिशशिवाय भाषा येत नव्हती, आणि शोधून थकलेली आई घरी परतली होती. मध्यरात्रीनंतर त्याने सामान फेकायला सुरुवात केली. चार पोलीस आले आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास पहिला झटका बसला. त्याच्या हातात स्टेपलर होता. टेझर पाच वेळा चालवले गेले आणि तो तिथेच मेला. एका प्रवाशाने हे चित्रित केले नसते तर पोलिसांचेच म्हणणे टिकले असते. निवृत्त न्यायाधीश टॉमस ब्रेडवूड यांच्या आयोगाने २००९ च्या अहवालात शिफारस केली, की माणूस इजा करत असेल किंवा करण्याच्या बेतात असेल तरच टेझर चालवावे. नुसता विरोध पुरेसा नाही. व्हँकुव्हर ज्या प्रांतात आहे त्या ब्रिटिश कोलंबियाने ती स्वीकारली आणि प्रांतातला वापर झपाट्याने घटला. नियम कडक होताच वापर गळून पडतो, याचा अर्थ आधीच्या वापरात बराचसा सोयीचा होता असाच लावावा लागतो.

टेझरने गोळीबार कमी होतो, हा कंपनीचा आणि पोलिसांचा मुख्य दावा. शिकागोत २०१० पासून गस्तीवरच्या पोलिसांनाही टेझर मिळाले, त्याचा अभ्यास झाला. पोलिसांना होणाऱ्या इजा कमी झाल्या, ही जमेची बाजू खरी आहे. गोळीबार मात्र घटल्याचे दिसले नाही. ब्रिटनच्या आकडेवारीत नुसते म्यानातून काढणे किंवा नेम धरणारा लेझरचा लाल ठिपका रोखणे हाही 'वापर' धरतात आणि बहुतेक प्रसंग तिथेच मिटतात. पण त्याच आकडेवारीत कृष्णवर्णीयांवरचे प्रमाण गोऱ्यांच्या कित्येक पट आहे. माजी फुटबॉलपटू डेलियन ॲटकिन्सन यांच्यावर २०१६ मध्ये टेलफर्ड येथे टेझर सलग ३३ सेकंद चालले, वर डोक्यात लाथा बसल्या, आणि त्यांचा मृत्यू झाला. टेझर चालवणाऱ्या अधिकाऱ्याला २०२१ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल आठ वर्षांची शिक्षा झाली.

झटक्यानेच मृत्यू झाला का, यावर डॉक्टरांचे एकमत नाही. हृदयविकार, अमली पदार्थ, झटापट असे सगळे एकाच वेळी हजर असते. कित्येक मृत्यू 'उत्तेजित उन्माद' (भान हरपलेला, अतिउत्तेजित माणूस अचानक दगावतो अशी कल्पना) या निदानाखाली गेले. त्याला आधार देणारा २००९ चा अहवाल अमेरिकेतल्या आपत्कालीन डॉक्टरांच्या संघटनेनेच २०२३ मध्ये मागे घेतला. 'प्राणघातक नसलेले' हे जुने विशेषण सोडून 'कमी प्राणघातक' म्हणण्याची पद्धत पडली आहे. मराठी वाचकाला हा प्रकार नवा नाही. आपल्या वर्तमानपत्रांतला 'सौम्य लाठीमार' त्याच घराण्यातला. तो सौम्य होता हे लाठी खाणारा कधी सांगत नाही.

मे २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कूमा गावच्या वृद्धाश्रमात ९५ वर्षांच्या क्लेअर नोलँड वॉकर धरून, हातात जेवणाची सुरी घेऊन उभ्या होत्या. स्मृतिभ्रंशाची लक्षणे होती, वजन पन्नास किलोंच्या आत. सुरी टाका असे पोलिसांनी तीन मिनिटांच्या आत अनेकदा सांगितले, मग एक अधिकारी 'छे, जाऊ दे' अशा अर्थाचे पुटपुटला आणि त्याने चाप ओढला. त्या मागे पडल्या, डोके आपटले, आठवड्याने गेल्या. ज्यूरीने त्याला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले. न्यायालयाने तुरुंगवास दिला नाही. दोन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली.