दुखतंय, की उठवत नाही?

आई रोज सकाळी पाटावर बसून पूजा करते. मागच्या पावसाळ्यात लक्षात आलं, की आरती झाल्यावर उठताना ती आधी डावा हात जमिनीला टेकते, मग उजवा हात गुडघ्यावर, तिथून मांडीवर, आणि शेवटी भिंतीला धरून उभी राहते. "गुडघे दुखतात का गं?" विचारलं तर म्हणाली, "दुखत नाही तसं काही. उठवतच नाही."

तिला कल्पना नव्हती, पण त्या एका वाक्यात तिने डॉक्टरांचं निम्मं काम करून ठेवलं होतं. स्नायू दुखणं आणि स्नायूत जोर नसणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि त्यांच्या वाटाही बऱ्याचदा वेगळ्या असतात. आपण मात्र अंग मोडून येणं, पायात गोळे येणं, हातपाय गळणं, त्राण नसणं हे सगळं 'अशक्तपणा' या एकाच पोत्यात भरतो आणि एखादं टॉनिक किंवा 'ताकदीचं इंजेक्शन' मागून घेतो. दुखतं म्हणून पाऊल उचलत नाही, की दुखत नसतानाही ते उचलवत नाही? हे आधी ठरवावं लागतं.

दुसरा प्रश्न असतो, कुठला स्नायू? जमिनीवरून उठणं, जिना चढणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं, वेणी घालणं ही कामं कंबर, मांडी आणि खांद्याच्या मोठ्या स्नायूंची. ती अडायला लागली, तर बहुतेक वेळा दोष स्नायूतच सापडतो. चालताना चप्पल पायातून निसटते, शर्टाचं बटण लागत नाही, कुलपात किल्ली फिरत नाही, असं असेल तर संशय आधी मज्जातंतूंवर जातो. अपवाद आहेत, पण सुरुवात अशीच होते.

स्वतःच्या मांडीवर हात रोवत उठण्याची ही पद्धत लंडनचे डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनी १८७९ मध्ये लहान मुलांच्या संदर्भात बारकाईने वर्णन केली. ड्युशेन या आनुवंशिक आजारात मुलग्यांचे स्नायू हळूहळू झिजतात. तीन-चार वर्षांचा मुलगा असा उठू लागतो, सारखा पडतो, आणि त्याच्या पोटऱ्या मात्र भरलेल्या, गुबगुबीत दिसतात. घरच्यांना ते बाळसं वाटतं. अशा मुलाला लवकर दाखवायला हवं, कारण उपचार आणि व्यायामाचं नियोजन जितकं आधी सुरू होईल तितकं त्याचं चालणं जास्त काळ टिकतं.

आईच्या बाबतीत कारण साधं निघालं. रक्तात ड जीवनसत्त्व अगदी तळाला गेलं होतं. हे जीवनसत्त्व फक्त हाडांचं, असं आपण शाळेत शिकलो. पण ते फार कमी झालं की मांड्या आणि कंबरेचे स्नायूही ढिले पडतात, माणूस बदकासारखा डुलत चालतो, बरगड्या आणि नडग्या दाबल्या की दुखतात. इतकं ऊन असलेल्या देशात हे कसं, असं मलाही वाटलं. आई सकाळी गॅलरीत उन्हात बसायची, पण काचेच्या आत! त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण काच अडवते. शिवाय कोवळ्या उन्हात ते फारसे नसतातच. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते, तेव्हाच ते पुरेसे मिळतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध सुरू झालं. जोर यायला काही महिने लागले. आता ती एक हात टेकून उठते. हे औषध मनाने वर्षानुवर्षं घेत राहू नये, कारण जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो.

थायरॉइड मंदावला तरी स्नायू जड होतात, गोळे येतात. जुलाबांनंतर किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे पोटॅशियम घटलं, तर पाय लटपटतात. दोन्ही गोष्टी साध्या रक्ततपासणीत कळतात.

कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण 'अंग दुखतं' म्हणून त्या परस्पर बंद करणारी माणसं मी घरोघरी पाहते. या गोळ्यांनी क्वचित स्नायूंना खरोखर इजा होते. सेरिव्हास्टॅटिन हे औषध त्यामुळेच २००१ मध्ये जगभरातून मागे घेतलं गेलं. पण २०२० मध्ये इंग्लंडमधला एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध झाला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभरासाठी १२ बाटल्या दिल्या: चार खऱ्या गोळ्यांच्या, चार नकली गोळ्यांच्या, चार रिकाम्या. गोळी खरी की नकली, ते त्यांना सांगितलं नव्हतं. खऱ्या गोळ्यांच्या महिन्यांत झालेल्या त्रासातला सुमारे ९० टक्के त्रास नकली गोळ्यांच्या महिन्यांतही झाला. त्यांचं दुखणं खोटं नव्हतं; आता त्रास होणार, या धास्तीनेही शरीर खरोखर दुखतं. आपले निकाल पाहून त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. म्हणून गोळी सोडण्याआधी डॉक्टरांशी बोला. ते सीके नावाची तपासणी सांगतील. सीके हे स्नायूंतलं विकर (एन्झाइम) आहे; स्नायूचे तंतू फाटले की ते रक्तात उतरतं. फक्त आदल्या दिवशी कमरेत इंजेक्शन घेतलं असेल किंवा जिममध्ये घाम गाळला असेल, तर तेही सांगा, कारण त्यानेही सीके वाढतं.

आता निव्वळ दुखण्याकडे येऊ. सिंहगड चढताना दम लागतो, पण मांड्या दुखतात त्या उतरण्याने, आणि तेही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू शरीराचं वजन तोलत असतो आणि त्याच वेळी ताणला जात असतो. या ओढाताणीत त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, मग सूज आणि दुखणं. लॅक्टिक आम्लाला उगाच दोष दिला जातो; ते तर तास-दीड तासात रक्तातून निघून गेलेलं असतं. पुढच्या रविवारी पुन्हा गड उतरलात तर दुखणं बरंच कमी असेल, कारण स्नायू तेवढ्यात सावरायला शिकलेला असतो.

ताप असेल तर हिशेब बदलतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ताप आला, डोळे लाल झाले आणि पोटऱ्यांना हात लावू देवत नाही, तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूंच्या आजाराचा) विचार करायलाच हवा, विशेषतः शेतात किंवा तुंबलेल्या पाण्यात अनवाणी चालणं झालं असेल तर. वेळेत प्रतिजैविकं मिळाली तर हा आजार आटोक्यात येतो.

आणि एका दुबळेपणात एक दिवसही थांबू नये. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड परिसरात, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात गुइलेन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढू लागले. पुढे संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाब घडवणारा जिवाणू सापडला. त्याच्या अंगावरचे काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे दिसतात. त्यामुळे त्याच्याशी लढायला तयार झालेली प्रतिपिंडं मज्जातंतूंवरच तुटून पडतात. स्नायू धडधाकट असतात, त्यांच्यापर्यंत निरोप पोचत नाही. पोट बिघडून गेल्यावर एक ते तीन आठवड्यांनी पायाला मुंग्या, पाठीत दुखणं, मग गुडघ्यात एकदम पाय दुमडणं, आणि हा दुबळेपणा दिवसागणिक वर सरकतो. तो श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचला तर व्हेंटिलेटर लागतो. इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून दिलेली प्रतिपिंडं) किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलणं या दोन्ही उपचारांचा फायदा लवकर सुरू केल्यास जास्त होतो.

अशीच तातडी लघवीच्या रंगाबाबत. भर उन्हात कष्ट केल्यावर, दरडीखाली अडकून सुटल्यावर किंवा अचानक अति व्यायामानंतर स्नायू भयंकर दुखत असतील आणि लघवी कोऱ्या चहासारखी होत असेल, तर तो फाटलेल्या स्नायूंतून बाहेर पडलेल्या मायोग्लोबिन या प्रथिनाचा रंग असू शकतो. मूत्रपिंडं वाचवायला शिरेतून भरपूर द्रव द्यावा लागतो, त्यामुळे सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावं.