मॅराविच, पीट

(२२ जून १९४७ – ५ जानेवारी १९८८). अमेरिकन बास्केटबॉलपटू. पूर्ण नाव पीटर प्रेस मॅराविच. गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा खेळाडू) या जागेवर खेळत. महाविद्यालयीन पुरुष बास्केटबॉलच्या सर्वोच्च विभागात कारकीर्दीतील सर्वाधिक गुणांचा विक्रम (३,६६७) १९७० पासून त्यांच्या नावावर आहे. हे सर्व गुण त्यांनी लुइझियाना राज्य विद्यापीठाकडून (यापुढे एलएसयू) तीन मोसमांत मिळविले.

जन्म पेनसिल्व्हेनियातील ॲलिक्विपा या पोलाद कारखान्यांच्या गावी. घराणे मूळचे सर्बियन. तिकडे आडनावाचा उच्चार ‘माराविच’च्या जवळ जातो, या नोंदीत मात्र अमेरिकेत रूढ असलेला घेतला आहे. वडील पीटर ऊर्फ प्रेस मॅराविच काही काळ व्यावसायिक खेळाडू आणि नंतर प्रशिक्षक होते. लहानपणी ते ‘पिट्सबर्ग प्रेस’ हे वृत्तपत्र विकत, त्यावरून त्यांना हे नाव पडल्याचे सांगतात. वडिलांच्या नोकरीमुळे पीट यांचे शालेय शिक्षण दक्षिण व उत्तर कॅरोलायनात झाले. ‘पिस्टल’ हे टोपणनावही शाळेतलेच. अंगाने किरकोळ असल्यामुळे ते चेंडू कमरेजवळून, पिस्तूल उपसावे तसा वर फेकीत, ही त्याची सर्वमान्य उपपत्ती आहे.

चेंडूवरील हुकमतीचा पाया वडिलांनी बसविलेल्या कवायतींनी घातला. डोळे बांधून चेंडू टप्पे देत नेणे, पाठीमागून व पायांमधून फिरविणे, चित्रपटगृहात कडेच्या खुर्चीवर बसून वाटेवर टप्पे देत राहणे, वडील चालवीत असलेल्या मोटारीतून बाहेर वाकून रस्त्यावर चेंडू खेळविणे, अशा आठवणी पीट स्वतः सांगत. त्यांत कालांतराने थोडी भर पडली असावी. पण एलएसयूत येईपर्यंत पाठीमागून पास देणे, समोर न पाहता पास देणे या गोष्टी त्यांच्या हाताला सहज झाल्या होत्या, हे त्या काळच्या चित्रफितींवरून स्पष्ट दिसते.

प्रेस १९६६ मध्ये एलएसयूचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि पीट त्यांच्याबरोबर विद्यापीठाच्या गावी, बॅटन रूजला आले. त्यावेळच्या नियमानुसार पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात खेळता येत नसे (हा निर्बंध १९७२ मध्ये उठला). त्यामुळे १९६६-६७ मध्ये ते नवागतांच्या संघात खेळले. सामन्यामागे ४३.६ च्या सरासरीने मिळविलेले तेव्हाचे ७४१ गुण विक्रमात धरले जात नाहीत. त्याच वर्षी मुख्य संघाने २६ पैकी २३ सामने गमावले होते. पुढच्या तीन मोसमांत पीट यांची सरासरी अनुक्रमे ४३.८, ४४.२ व ४४.५ अशी राहिली. तिन्ही वर्षी विभागात सर्वाधिक गुण त्यांचेच होते. संघाची कामगिरी मात्र १४–१२, १३–१३ आणि २२–१० (विजय–पराभव) अशी राहिली.

ऑस्कर रॉबर्टसन यांचा २,९७३ गुणांचा विक्रम त्यांनी ३१ जानेवारी १९७० रोजी मिसिसिपी विद्यापीठाविरुद्ध ५३ गुण करून मोडला. आठवडाभराने, ७ फेब्रुवारीला, अलाबामाविरुद्ध ६९ गुण केले. सामना एलएसयूने १०४–१०६ असा गमावला. केंटकीविरुद्धच्या सहा सामन्यांत त्यांची सरासरी ५२ होती, पण सहाही सामने केंटकीने जिंकले. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत (एनसीएए) खेळण्याची संधी त्यांना कधीच मिळाली नाही. न्यूयॉर्कच्या निमंत्रितांच्या स्पर्धेत (१९७०) संघ उपांत्य फेरीत मार्केट विद्यापीठाकडून हरला. गुणांची भूक आणि वडिलांचे झुकते माप यांमुळे संघाचे नुकसान झाले, अशी टीका तेव्हापासून होते. ३ विजयांवरून २२ विजयांपर्यंतचा प्रवास पाहता ती पूर्णपणे पटत नाही. मात्र दुसरा एक आक्षेप अधिक विचारात घ्यावा लागेल. ज्या आग्नेय परिषदेत (विद्यापीठ-संघांच्या गटात) एलएसयू खेळत असे, तिच्यातील पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू, व्हँडरबिल्टचा पेरी वॉलेस, मुख्य संघात आला तो १९६७-६८ मध्येच. म्हणजे पीट यांचे बहुतेक प्रतिस्पर्धी अजून वर्णभेदाने आखून दिलेल्या मर्यादित वर्तुळातले होते.

विक्रमाची चिकित्सा : पीट यांनी ८३ सामन्यांत ३,१६६ फेकींपैकी १,३८७ बास्केट केल्या व १,१५२ फ्री थ्रोंपैकी (प्रत्येकी एक गुण) ८९३ साधले. तीन गुणांची रेषा (जिच्या बाहेरून केलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण मिळतात) महाविद्यालयीन खेळात १९८६-८७ पासून आली, त्यामुळे बेरीज सरळ आहे : १,३८७ ची दुप्पट अधिक ८९३. सरासरी ४४.२. शॉट क्लॉकही (ठरावीक वेळात फेक करण्याचे बंधन) तेव्हा नव्हते, त्यामुळे प्रतिपक्षाला चेंडू हवा तितका वेळ अडवून ठेवता येई. रेषा असती तर काय झाले असते, हा प्रश्न म्हणूनच पुनःपुन्हा विचारला जातो. एलएसयूचे नंतरचे प्रशिक्षक डेल ब्राउन यांनी पीट यांच्या फेकींच्या नोंदींवरून काढलेला निष्कर्ष सर्वांत प्रसिद्ध आहे : १९ फूट ९ इंचांवर रेषा धरल्यास सामन्यामागे सुमारे १३ फेकी तीन गुणांच्या ठरत्या आणि सरासरी ५७ वर गेली असती. हा आकडा जपून वापरावा. पीट यांच्या बास्केट सामन्यामागे साधारण १६.७ होत्या, त्यांतील १३ रेषेबाहेरच्या मानल्या तर आत घुसून केलेल्या बास्केट जेमतेम चार उरतात. बचाव फोडून रिंगखाली जाणे हे त्यांच्या खेळाचे मोठे अंग होते, त्याच्याशी हे जुळत नाही. शिवाय रेषा असती तर बचावाची मांडणीही बदलली असती. सरासरी पन्नाशीच्या आसपास गेली असती, असे मानणे अधिक सुरक्षित.

अलीकडे तुलनेचा प्रश्न दोनदा उभा राहिला. डेट्रॉइट मर्सीच्या अँटोइन डेव्हिस यांची कारकीर्द मार्च २०२३ मध्ये ३,६६४ गुणांवर संपली, म्हणजे तीनच गुण कमी. त्यासाठी त्यांना पाच मोसम व १४४ सामने मिळाले होते. आयोवाच्या केटलिन क्लार्क यांनी ३ मार्च २०२४ रोजी ओहायो स्टेटविरुद्ध ३,६६७ चा आकडा ओलांडला व चार मोसमांतील १३९ सामन्यांत ३,९५१ गुणांवर कारकीर्द संपविली. महिला व पुरुषांचे विक्रम वेगळे ठेवले जातात, त्यामुळे पुरुषांच्या यादीत मॅराविच अजून पहिले आहेत. दोघांचे नियम, मोसम, चेंडूचा आकार वेगळे असल्याने एकाच्या आकड्याने दुसऱ्याचे मोल ठरविणे योग्य होणार नाही. सामन्यामागच्या सरासरीत मात्र ४४.२ च्या जवळपासही कोणी पोहोचलेले नाही.

व्यावसायिक कारकीर्द अटलांटा हॉक्स (१९७०–७४), न्यू ऑर्लीन्स (नंतर युटा) जॅझ आणि अखेरीस बोस्टन सेल्टिक्स या संघांत झाली. १९७६-७७ मध्ये ३१.१ च्या सरासरीने ते एनबीएत (अमेरिकेतील प्रमुख व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धा) सर्वाधिक गुण मिळविणारे ठरले. त्याच मोसमात न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एका सामन्यात ६८ गुण केले. पुढे गुडघ्याच्या दुखापतीने खेळ खालावला. एनबीएत तीन गुणांची रेषा आली तो १९७९-८० चा मोसम त्यांचा शेवटचा. त्यात त्यांनी बाहेरून १५ पैकी १० फेकी साधल्या. १९८७ मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. त्याच वर्षी वडील वारले.

कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे चर्चच्या व्यायामशाळेत मित्रांबरोबर खेळताना ते कोसळले आणि चाळिसाव्या वर्षी मृत्यू पावले. शवविच्छेदनात हृदयाची डावी धमनी जन्मतःच नसल्याचे आढळले. उजवी धमनी वाढून तिचे काम करीत होती. अशा अवस्थेत एवढी वर्षे सर्वोच्च पातळीवर खेळता येणे डॉक्टरांना अतिशय विलक्षण वाटले.

विद्यार्थी असताना पीट गुरांची प्रदर्शने भरणाऱ्या पार्कर कोलिझियममध्ये खेळत. लोक त्याला ‘काऊ पॅलेस’ म्हणत. त्यांच्यामुळे वाढलेली गर्दी पाहून नवे क्रीडागृह उभे राहिले असे मानतात. १९७२ मध्ये खुल्या झालेल्या या क्रीडागृहाला १९८८ मध्ये त्यांचे नाव दिले गेले. तेथे विद्यापीठाकडून पीट एकही सामना खेळले नव्हते. प्रेस यांनी मात्र एलएसयूतील आपल्या अखेरच्या मोसमात संघ तेथे उतरविला होता.