कडेचे मामा जाड का होतात? अल्ट्रा वाइड झूमची पार्श्वभूमी

लग्नाचा अल्बम घरी गेला की चार दिवसांत एक फोन ठरलेला असतो. ‘‘फोटो झकास आलेत, पण आमच्या मामाला एवढं जाड कशाला केलाव?’’ मामा ग्रुपच्या टोकाला उभे असतात. ‘‘ते लेन्सचं डिस्टॉर्शन आहे,’’ असं फोटोग्राफर सांगतो आणि राहिलेले पैसे कधी मिळतील ते विचारतो. सोलापुरातल्या फोटोच्या धंद्यात डिस्टॉर्शन, म्हणजे चित्रातला आकार बिघडणं, हा एक शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतात. त्यातली एकच लेन्सची चूक असते. अल्ट्रा वाइड झूम (फार रुंद कोन टिपणारी आणि तो कमी-जास्त करता येणारी लेन्स) घ्यावा की नको, घेतला तर कुठला, यावर चहाच्या गाड्यावर जी भांडणं होतात त्यातली निम्मी या शब्दातून निघतात.

फार मागचं थोडक्यात. १९०० साली जर्मनीत हायपरगॉन नावाची लेन्स निघाली. वाटीसारखी वळवलेली दोनच भिंगं, पोकळ बाजू एकमेकींकडे केलेल्या, आणि कोन तब्बल १३५ अंशांचा. मध्ये उजेड फार आणि कोपऱ्यांत अंधार पडे, म्हणून पुढे चांदणीच्या आकाराची एक चकती असे. रबरी फुगा दाबून हवेने ती फिरवायची, मधला उजेड अडवायचा आणि उरलेल्या एक्स्पोजरसाठी ती बाजूला सारायची. एवढा खटाटोप होता, पण दोन्ही भिंगं सारखी असल्यामुळे भिंतीची कड सरळच्या सरळ येई.

मग आरशाचे कॅमेरे आले. आरसा हलायला लेन्सच्या मागे चार-साडेचार सेंटिमीटर मोकळी जागा लागते, आणि साध्या रचनेची २० मिमी लेन्स (मिमीचा आकडा जितका लहान तितका कोन रुंद) फिल्मपासून दोन सेंटिमीटरवर बसायला मागते. १९५० मध्ये एका फ्रेंच कारखान्याने तोडगा काढला: पुढे किरण पांगवणारी भिंगं, मागे गोळा करणारी, दुर्बीण उलटी धरल्यासारखी रचना. आरशाला जागा मिळाली, पण सारखेपणा गेला आणि सरळ रेषा पिंपासारख्या बाहेर फुगू लागल्या. फुगवटा आरशामुळे आला, एवढं ध्यानात ठेवा. पुढे कामाला येईल.

स्थिर छायाचित्रणाच्या ३५ मिमी कॅमेऱ्यासाठी पहिला झूम निघाला तो १९५९ चा, ३६-८२, म्हणजे ३६ ते ८२ मिमी. त्याची रुंद बाजू आजच्या मोबाइलच्या साध्या कॅमेऱ्याहूनही अरुंद होती. २०-३५ असे आकडे १९८० च्या दशकात आले आणि आपल्याकडच्या लग्नांपर्यंत ते पोचलेच नाहीत. इथे ५० चालायची, फार तर ३५. ज्याच्याकडे २८ असे, त्याला लोक ‘वाइडवाला’ म्हणत.

आमच्या पिढीची गोष्ट सुरू होते २००३-०४ ला. परवडणाऱ्या डिजिटल एसएलआर (आरशाच्या) बॉड्या तेव्हा आल्या आणि त्यांच्यातला सेन्सर लहान होता. कंपन्यांची नावं इथे घेत नाही, १.५ वाले आणि १.६ वाले एवढ्यावर कुणालाही कळेल (सेन्सर ३५ मिमी फिल्मच्या चौकटीहून जितक्या पटींनी लहान, तो हा आकडा; लेन्सचे मिमी तेवढ्याने गुणायचे). या लहान सेन्सरला जे एपीएस-सी नाव चिकटलं ते १९९६ मध्ये आलेल्या एका फिल्मच्या चौकटीवरून, आणि ती फिल्म २०११ मध्ये बंदही झाली. नाव ठेवणारी आत्या गेली, बाळ त्याच नावाने मोठं झालं. त्रास मात्र खरा होता. फिल्मच्या दिवसांत पोटाला चिमटा घेऊन घेतलेली २० मिमी एका रात्रीत ३० झाली, आणि बॉडीसोबत किटमध्ये येणारी १८-५५ म्हणजे २७ पासून पुढे.

या अडचणीतूनच आजचा अल्ट्रा वाइड झूम जन्मला. २००३ मध्ये १.५ वाल्यांनी खास लहान सेन्सरसाठी १२-२४ काढली. त्याच वर्षी एका तिसऱ्याच जपानी कंपनीने पूर्ण फ्रेमवर, म्हणजे फिल्मएवढ्या सेन्सरवर, चालणारी १२-२४ जाहीर केली; तिचा कोन १२२ अंश. २००४ मध्ये १.६ वाल्यांची १०-२२ आली, २००५ मध्ये त्या तिसऱ्या कंपनीची १०-२०, २००८ मध्ये आणखी एका स्वतंत्र कंपनीची ११-१६, पूर्ण रेंजभर एफ २.८ (म्हणजे मोठं छिद्र, जास्त उजेड), आणि २०१० मध्ये ८-१६. सात वर्षांत १२ वरून ८. त्याआधीच्या शंभर वर्षांत सामान्य फोटोग्राफरच्या बॅगेत एवढं काही बदललं नव्हतं.

सोलापुरात भांडण रंगलं ते १०-२० की ११-१६ यावर. ११-१६ वाले म्हणायचे, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत अंधार पडल्यावर एफ २.८ शिवाय काय करणार? त्यांचं खोटं नव्हतं. पण त्या लेन्सच्या पहिल्या आवृत्तीत फोकसची मोटर नव्हती, त्यामुळे १.५ वाल्यांच्या स्वस्त बॉड्यांवर हातानेच फोकस करावा लागे, आणि समोर उघडा बल्ब आला की फ्रेमभर डाग पडत. आमच्या एका मित्राने ती मुंबईहून मागवली. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी आली आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या लक्षात आलं की त्याच्या बॉडीवर ती आपोआप फोकस करणारच नाही. दुकानदार म्हणाला, ‘‘तुम्ही विचारलंच नाही.’’ हाच फटका २०१७ ला वेगळ्या रूपात परत बसला: १.५ वाल्यांची नवी, अवघी २३० ग्रॅमची १०-२० बऱ्याच जुन्या बॉड्यांवर फोकसच करत नाही. वापरलेली लेन्स घेताना लोक काचेवर ओरखडा शोधत बसतात; आधी बॉडीचं मॉडेल सांगून एवढं विचारावं.

माझं मत उघड आहे, मी १० च्या बाजूचा. रुंद टोकाला एका मिलिमीटरचा फरक मोठा असतो. १.५ च्या सेन्सरवर ११ ला आडवा कोन साधारण ९४ अंश, १० ला ९९, आणि १८ ला अवघा ६६. शिवाय १६ ला संपणाऱ्या झूमला झूम म्हणायचं धाडस मला होत नाही.

रुंद लेन्स कशासाठी, तर ‘जास्त मावावं म्हणून’ हे उत्तर मला कधीच पटलं नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या कारखान्यात जा. दोन मागांमधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट, मागे सरकायला भिंत, हवेत कापसाची पिंज. तिथे १० लागते कारण उभं राहायला दुसरी जागाच नाही. मागावरचा हात फुटभर अंतरावर येतो आणि शेडचं दुसरं टोक मागे दूर पळतं. हे अंतर तुमच्या उभं राहण्याने ठरतं, लेन्स फक्त ते चौकटीत बसवते. (पुढची काच फुगीर असली तर पिंज तिच्यावरच बसते आणि संरक्षक फिल्टर लावायची सोय नसते. २००७ ची प्रसिद्ध १४-२४ त्यातलीच. पोलरायझरचं, म्हणजे आकाश गडद करणाऱ्या फिल्टरचं, म्हणाल तर तो १० वर लावूच नये. आकाश अर्धं गडद निळं आणि अर्धं फिकट येतं, कारण सूर्यापासून ९० अंशांवरच त्याचा खरा परिणाम होतो आणि तुमच्या फ्रेममध्ये तो पट्टा पुरा दिसतो.)

आता तो शब्द. संक्रांतीच्या दिवसांत त्याच यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात. बाराबंदी घातलेला मानकरी, कमरेच्या आधारावर तोललेली उंच काठी, ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’चा गजर आणि गर्दीत पाच-सहा हातांवर तुम्ही. काठीचं टोक यावं म्हणून कॅमेरा वर उचलता आणि फोटोत काठी मागे कलते, बाजूच्या इमारती एकमेकींवर रेलतात. लोक म्हणतात डिस्टॉर्शन. लेन्सचा इथे काडीचा दोष नाही, दोष उचललेल्या कॅमेऱ्याचा. ५० मिमीनेही रेषा अशाच मिळतात, फक्त कमी दिसतात. कॅमेरा उभा धरून अगदी समपातळीत ठेवा. डोळ्याची उंची पाच फूट धरली तर वीस फुटांवरून १८ मिमीत जेमतेम १८ फुटांपर्यंतचं दिसेल, १० मिमीत साडेअठ्ठावीस. खालचा अर्धा फोटो रस्त्याने भरतो, तो कापून टाकायचा. इतके पिक्सेल फुकट घालवायला जीव धजत नाही, पण काठी ताठ येते.

दुसरी गोष्ट म्हणजे आधी सांगितलेला फुगवटा. तळ्याच्या पाण्याची रेघ फ्रेमच्या कडेजवळ ठेवली की ती धनुष्यासारखी वाकते. ही खरीखुरी लेन्सची चूक, आणि मोजता येणारी. सॉफ्टवेअरमध्ये एका टिचकीने जाते.

तिसरी गोष्ट मामांची, म्हणजे कडेच्या ताणाची. सपाट, कॅमेऱ्याला समांतर असलेली वस्तू सरळ रेषा राखणारी लेन्स जशीच्या तशी उतरवते, मग ती मध्ये असो की कडेला. म्हणून स्टेजमागच्या फलकावर ‘शुभविवाह’मधला ‘शु’ आणि ‘ह’ एकाच मापाचे येतात. डोकं मात्र सपाट नसतं. ते गोल आहे, आणि तिरक्या कोनातून सपाट सेन्सरवर पडताना त्याची सावली लांबते, संध्याकाळी चेंडूची लांबते तशी. हिशेब सोपा आहे: १८ मिमीत अगदी कडेचं गोल डोकं सुमारे १.२ पट आडवं होतं, १० मिमीत १.५ पटींहून थोडं जास्तच. जगातली सगळ्यात महाग लेन्स आणली तरी हा आकडा तोच राहणार, कारण तो भूमितीचा आहे. कॅमेरा नव्हता तेव्हा युरोपातल्या चित्रकारांना हीच अडचण आली होती. त्यांनी नियम गुंडाळून ठेवला आणि कडेचे गोल सरळ गोल काढले.

गंमत पुढेच आहे. फुगवटा आणि ताण एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. फुगवटा असलेल्या लेन्समध्ये कडेची डोकी कमी ताणतात. फिशआय, म्हणजे मुद्दाम फुगवटा ठेवलेल्या लेन्समध्ये, तर रेषा कमानी होतात, पण मामा बरेचसे मामांसारखे दिसतात. तुम्ही फुगवटा काढून रेषा सरळ केल्या की मामा आणखी जाड. म्हणजे गिऱ्हाइकाच्या तक्रारीवर ‘डिस्टॉर्शन कमी असलेली लेन्स घेतो’ म्हणणारा फोटोग्राफर नेमका तक्रार वाढवणारी लेन्स विकत घेतो. हे मी दोन-तीन जणांना कागदावर काढून दाखवलं. एकाने मान्य केलं, बाकीच्यांनी चहा मागवला.

याच ठिकाणी अलीकडच्या काळातला सगळ्यात वादग्रस्त निर्णय येतो. २००८ मध्ये आरसा काढून टाकलेल्या लहान बॉड्या आल्या. फुगवटा ज्यामुळे आला ती अडचण गेली, तेव्हा आता सरळ रेषांची काच मिळेल असं वाटलं होतं. झालं उलटं. कंपन्यांनी ठरवलं की फुगवटा काचेत राहू द्यायचा, त्याचा हिशेब लेन्सच्या चिपमध्ये ठेवायचा आणि कॅमेऱ्याने फोटो सरळ करूनच दाखवायचा. व्ह्यूफाइंडरमध्येसुद्धा सरळच दिसतं, त्यामुळे काच कशी आहे हे वापरणाऱ्याला कळतच नाही. याचा फायदा वजनात. एका कंपनीची २०१५ मधली आरशाच्या कॅमेऱ्याची ११-२४ पुरी ११८० ग्रॅमची होती. त्याच कंपनीची २०२३ मधली बिनआरशाची १०-२० आहे ५७० ग्रॅमची आणि वर एक मिलिमीटर जास्त रुंद. तोटा असा की कोपरे ओढून ताणलेले असतात, तिथला तपशील पातळ होतो आणि अंधारात दाणे जास्त दिसतात.

जुनी मंडळी याला फसवणूक म्हणतात. मला तसं वाटत नाही, पण कंपन्यांनी हे पेटीवर लिहायला हवं होतं. यात्रेतल्या संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्यात सकाळपासून कॅमेरा गळ्यात घालून उभं राहिलेल्या माणसाला ६०० ग्रॅमचा फरक विचारा. कोपऱ्यात तिथे हजारो लोकांची डोकी असतात, त्यांच्या पापण्या मोजायला कोण जातो? पण इंद्रभुवन इमारतीच्या दर्शनी भागावरचं कोरीवकाम कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हवं असेल, तर जुनी जड काच आजही उजवी ठरते.

मोबाइलने यातही उडी घेतली. २०१९ पासून ०.५ चं बटण घरोघरी आलं. ते म्हणजे जवळजवळ १३ मिमी, १२० अंश. त्याच वर्षी एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या संशोधकांनी एक पद्धत मांडली: फोटोतले चेहरे ओळखायचे, तेवढाच भाग गोल करायचा आणि बाकीच्या रेषा सरळ ठेवायच्या. आता काही फोन ते न विचारता करतात.

मागच्या लग्नसराईत एका कार्यालयात नवरदेवाचा धाकटा भाऊ माझ्या शेजारी उभा राहून मोबाइलवर तोच ग्रुप घेत होता. संध्याकाळी त्याने दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले. ‘‘बघा की, माझ्यात मामा नीट आलेत.’’ खरंच नीट आले होते. त्यांच्या कानामागचा मांडवाचा खांब तेवढा टाळूच्या उंचीवर किंचित पोटात वळला होता. मी तो बोटाने दाखवला. त्याने झूम करून पाहिलं आणि विचारलं, ‘‘खांब कोण बघतंय?’’