जूनटीन्थ

जूनटीन्थ : अमेरिकेत गुलामगिरीच्या अंताचे स्मरण म्हणून १९ जूनला पाळला जाणारा दिवस. ‘जून’ व ‘नाइन्टीन्थ’ यांच्या जोडातून हे नाव टेक्ससमध्ये रुळले.

१९ जून १८६५ रोजी, यादवी युद्ध संपत असताना, उत्तरेच्या फौजेतील मेजर जनरल गॉर्डन ग्रेंजर याने टेक्ससच्या गॅल्व्हस्टन बंदरात सामान्य आदेश क्र. ३ काढून सर्व गुलाम मुक्त झाल्याचे जाहीर केले. बंडखोर दक्षिणी राज्यांतील गुलामांना मुक्त ठरवणारा अध्यक्ष लिंकनचा मुक्तिजाहीरनामा मात्र १ जानेवारी १८६३ चा. मधली अडीच वर्षे बातमी पोहोचली नाही, असे सर्रास सांगतात. ते खरे कारण नव्हे. मळेवाल्यांना जाहीरनामा ठाऊक होता. उत्तरेच्या फौजेपासून लांब म्हणून कित्येकांनी आपले गुलाम मुद्दाम टेक्ससमध्ये हलवले, आणि तेथील गुलामांची संख्या सुमारे अडीच लाखांवर गेली. उशीर झाला तो हुकूम बजावणारे सैन्य यायला. त्यानंतरही काही मालकांनी कापसाची वेचणी उरकेपर्यंत गुलामांना काही कळू दिले नाही.

स्मरणसभेत हा आदेश मोठ्याने वाचतात. तो पूर्ण वाचावा. सुरुवातीला मालक व गुलाम यांचे व्यक्तिगत आणि मालमत्तेचे हक्क सर्वस्वी समान ठरवणारा हाच मजकूर पुढे मुक्त झालेल्यांना आहे तिथेच राहून मजुरी करायला सांगतो, आणि रिकामे बसणाऱ्यांना पोसले जाणार नाही, असे बजावतो. डिसेंबर १८६५ मधील तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी देशभर बंद झाली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या मजुरीला वाट ठेवली. कैद्यांना मळ्यांवर ठेक्याने राबवण्याची पद्धत त्याच फटीतून फोफावली. तुरुंगातील मजुरीविरुद्धची आजची चळवळ त्याच अपवादावर बोट ठेवते.

पहिले सोहळे १८६६ चे. सार्वजनिक जागांवर मज्जाव असल्याने ह्यूस्टनच्या कृष्णवर्णीयांनी १८७२ मध्ये वर्गणी काढून दहा एकर जमीन विकत घेतली. तेच आजचे इमॅन्सिपेशन पार्क. प्रार्थना, मिरवणूक, निखाऱ्यावर भाजलेले मांस, कलिंगड आणि लाल सरबत हा जुना बेत. लाल रंग सांडलेल्या रक्ताची खूण मानतात. मतदार नोंदणीची टेबलेही मैदानातच मांडली जातात.

२०१६ मध्ये ८९ वर्षांच्या ओपल ली यांनी राष्ट्रीय सुट्टीच्या मागणीसाठी टेक्ससमधील फोर्ट वर्थहून पदयात्रा सुरू केली. टप्पा अडीच मैलांचा, वाया गेलेल्या अडीच वर्षांसाठी. २०२० मध्ये कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइड यांच्या पोलिसाकडून झालेल्या हत्येनंतरच्या १९ जूनला गोदी कामगारांनी पश्चिम किनाऱ्यावरील २९ बंदरांत आठ तास काम बंद ठेवले. १७ जून २०२१ रोजी राष्ट्रीय सुट्टीच्या कायद्यावर सही झाली. टेक्ससमध्ये ती १९८० पासूनच होती.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ते याच मुक्तीसाठी झटलेले. जूनटीन्थ मात्र मुक्त झालेल्यांनी स्वतः सुरू केला व टिकवला.

ही सुट्टी खासगी मालकांवर बंधनकारक नाही. त्यामुळे हॉटेले, गोदामे यांतल्या अनेक कामगारांना त्या दिवशीही कामावर जावे लागते. त्यांना येता यावे म्हणून मोर्चे, सभा संध्याकाळी किंवा जवळच्या शनिवारी ठेवणे सोयीचे ठरते.